पाच वर्षं झाली, पण फाइल बंद करू नका

कॅन्सर झालेल्या माणसाच्या घरात पाच वर्षांचा हिशेब सतत चालू असतो. तेवढी सुखरूप गेली की सुटलो, असं सगळे धरून चालतात. तोंडाच्या किंवा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ते बऱ्याच अंशी खरंही आहे. आजार उलटायचा असला तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो. लाळग्रंथींच्या कॅन्सरचा एक प्रकार मात्र हा हिशेब जुमानत नाही.

कानापुढची पॅरोटिड, जबड्याखालची आणि जिभेखालची अशा मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात. शिवाय ओठ, गाल आणि टाळूच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. ग्रंथी जितकी लहान, तितकी तिच्यातली गाठ वाईट निघण्याची शक्यता जास्त. पॅरोटिडमधल्या दर चार गाठींपैकी साधारण तीन साध्या असतात. बारीक ग्रंथींमध्ये मात्र निम्म्या किंवा त्याहून अधिक गाठी कॅन्सरच्या निघतात. आपल्याकडे तोंडाशी संबंधित कॅन्सर म्हटलं की पहिला संशय तंबाखूवर जातो. त्या तंबाखूची बाजू कुणी घेऊ नये, पण या आजाराशी तिचं नातं तितकं ठाम सिद्ध झालेलं नाही. किरणोत्साराचं झालं आहे: हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांमध्ये लाळग्रंथींच्या गाठींचं प्रमाण वाढलेलं आढळलं.

या एका नावाखाली वीसहून अधिक वेगवेगळे आजार येतात, म्हणून ‘लाळग्रंथीच्या कॅन्सरमध्ये किती जगतात’ या प्रश्नाला एक उत्तर देता येत नाही. म्युकोएपिडरमॉइड कार्सिनोमा सौम्य प्रतीचा असेल तर चांगल्या शस्त्रक्रियेनंतर ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही असतात, आणि पुढेही बहुतेकांचं बरंच चालतं. लाळनलिकेचा, म्हणजे सॅलिव्हरी डक्ट कार्सिनोमा, याच्या अगदी उलट. तो झपाट्याने पसरतो आणि बरेच रुग्ण काही वर्षांतच दगावतात.

या दोन्हींत न बसणारा तिसरा म्हणजे अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा. वेगवेगळ्या पाहण्यांचे आकडे जुळत नाहीत, पण उतार सगळीकडे सारखा दिसतो. पाच वर्षांनी १०० पैकी साधारण ७५ ते ९० रुग्ण हयात असतात. दहा वर्षांनी हा आकडा बराच खाली येतो, पंधरा वर्षांनी आणखी. इतर अनेक कॅन्सरमध्ये काही वर्षांनी आलेख सपाट होतो, इथे तो उतरतच राहतो.

याचं एक कारण त्याच्या वाटेत आहे. मानेतल्या लसीकाग्रंथींकडे तो फारसा जात नाही; तारेवर वेल चढावी तसा तो मज्जातंतूंच्या कडेने सरकतो, थेट कवटीच्या तळापर्यंत. गाठ काढताना सर्जनला दिसणारी कड आणि आजाराची खरी कड यांत म्हणूनच अंतर राहू शकतं. शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन दिलं जातं ते यासाठी. गालाला मुंग्या येणं, जीभ बधिर होणं, चेहऱ्याची एक बाजू सैल पडणं या तक्रारी दहा वर्षांनी आल्या तरी ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नयेत.

दुसरं कारण फुप्फुसं. सुमारे ४० टक्के रुग्णांमध्ये आजार कधी ना कधी दूर पसरतो आणि बहुतेक वेळा तिथेच जातो. सीटी स्कॅनवर बारीक ठिपके दिसले की घरचे हादरतात. पण हे ठिपके इतके सावकाश वाढू शकतात की दुप्पट व्हायला वर्ष लागावं. असे ठिपके घेऊन लोक वर्षानुवर्षं नोकरी करतात, मुलांची लग्नं लावतात. नेहमीच्या केमोचा इथे फारसा उपयोग होत नाही. म्हणून त्रास नसेल आणि वाढ मंद असेल, तर ठरावीक काळाने स्कॅन करून वाट पाहणं हाच पुष्कळदा योग्य सल्ला असतो. ‘डॉक्टर काही करतच नाहीत’ ही नातेवाइकांची तक्रार समजण्यासारखी आहे, पण मला ती रास्त वाटत नाही.

बरं होणाऱ्यांनाही मागे काही ना काही उरतं. पॅरोटिडच्या मधून चेहऱ्याची नस जाते. ती कापावी लागली तर त्या बाजूचा डोळा मिटत नाही, तोंड वाकडं होतं. काहींना जेवताना गालावर घाम फुटतो, कारण लाळेसाठीचे तुटलेले तंतू पुन्हा वाढताना चुकून घामाच्या ग्रंथींशी जोडले जातात. रेडिएशनने लाळ आटली की दात झपाट्याने किडतात. असा दात परस्पर उपटला तर जबड्याचं हाड सडण्याचा धोका असतो. दंतवैद्याला रेडिएशनची माहिती आधी दिलीच पाहिजे.

अलीकडे निदानही बदलतंय. २०१० मध्ये चेक पॅथॉलॉजिस्ट अ‍ॅलेना स्कालोव्हा यांनी सहकाऱ्यांसह सिक्रीटरी कार्सिनोमा हा नवा प्रकार वेगळा काढला. तोवर त्यातल्या अनेक गाठी दुसऱ्याच नावाने नोंदल्या जात होत्या. त्यात एनटीआरके जनुकाची दुसऱ्या जनुकाशी चुकून झालेली जोड सापडते आणि तिच्यावर नेमकं काम करणाऱ्या लॅरोट्रेक्टिनिब या औषधाला २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. जुन्या गाठीचा मेणात जपलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, शाबूत असेल तर या जोडीची तपासणी बऱ्याच वर्षांनीही करता येते. शिवाय फुप्फुसात नवी गाठ दिसली की ती जुन्याच आजाराची की वेगळी, हे ठरवायला पॅथॉलॉजिस्ट पहिल्या गाठीच्या स्लाइड, म्हणजे काचेवरचे पातळ काप, मागतात. ब्लॉक आणि स्लाइड कुठल्या लॅबमध्ये आहेत आणि त्या तिथे किती वर्षं ठेवतात, हे डिस्चार्जच्या वेळीच विचारून फाइलवर लिहून ठेवावं.