युकातानच्या चुनखडीत मुरलेलं पाणी

मेक्सिकोत कानकून किंवा तुलूमला उतरलेल्या पर्यटकाला एकदिवसीय सहली हमखास विकल्या जातात त्या तीन: माया लोकांच्या वास्तूंचे अवशेष, ‘सेनोटे’ नावाच्या नैसर्गिक कुंडांत पोहणं आणि समुद्रातली प्रवाळभित्ती. तिकिटं वेगळी, पण तिन्हींच्या मुळाशी दगड एकच, चुनखडी.

युकातान द्वीपकल्पाच्या उत्तर भागात जमिनीवर नदी जवळपास नाहीच. पाऊस पडतो, पण पाणी वाहून न जाता मुरतं. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन ते किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी विरघळवत खाली उतरतं. गुहा पोखरल्या जातात, एखादीचं छत कोसळतं, की झालं सेनोटे. वायव्येला तर सेनोट्यांची अर्धवर्तुळाकार रांगच आहे. 6.6 कोटी वर्षांपूर्वी आदळलेल्या लघुग्रहाचं विवर तिथं गाडलं गेलंय, आणि ही रांग त्याच्या कडेकडेनं जाते. त्याच सुमारास आपल्या दख्खनवर लाव्हा वाहत होता. डायनासोर नेमके कशानं संपले, या वादात दोघांचीही नावं येतात!

पाण्यात बुडालेल्या या गुहांच्या छतांना चुन्याचे सुळके लोंबतात. ते थेंब थेंब ठिबकूनच घडतात, तेव्हा पाण्याखाली घडणं अशक्य. हिमयुगात समुद्र 100 मीटरहून अधिक खाली होता आणि गुहा कोरड्या होत्या. अशाच एका बुडालेल्या गुहेतल्या ओयो नेग्रो या खड्ड्यात 2007 मध्ये सापडलेला किशोरवयीन मुलीचा सांगाडा 12 हजार वर्षांहून जुना आहे. किनाऱ्याजवळच्या सेनोट्यांत वर गोडं पाणी, खाली खारं. दोन्ही मिसळतात त्या थरात पाणबुड्याला स्वतःचाच हात तेलातून पाहिल्यासारखा थरथरता दिसतो.

मायांनी हीच चुनखडी रचून मंदिरं बांधली, हीच भाजून चुना केला आणि वस्त्या पाण्याजवळ वसवल्या. चिचेन इत्सा या त्यांच्या प्राचीन शहरातल्या पवित्र सेनोट्यातून सोनं, जेड आणि माणसांची हाडं निघाली आहेत.

हे पाणी अखेर भुयारांतून समुद्रात, प्रवाळांकडे जातं. ही भित्ती होंडुरासपर्यंत सुमारे 1000 किलोमीटर पसरलीय. सच्छिद्र चुनखडी मातीसारखं गाळून देत नाही, त्यामुळे वर सांडलेलं बरंचसं तसंच प्रवाळांपर्यंत पोचतं. अनेक सेनोट्यांवर उतरण्याआधी अंघोळ करून सनस्क्रीन धुवायला लावतात ते म्हणूनच. नियम योग्यच आहे. पण माझ्या मते खरी काळजी आहे ती झपाट्यानं वाढणाऱ्या हॉटेलांच्या सांडपाण्याची.