चोरी-अफरातफरीच्या गुन्ह्यात मोफत वकील : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज अडतो ती ठिकाणे

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील कारखाना असो की नवी मुंबईच्या तुर्भे-रबाळे पट्ट्यातील गोदाम, स्टॉक जुळला नाही की मालक पोलीस ठाणे गाठतो आणि कामगारावर भारतीय न्याय संहितेचे कलम ३०६ (नोकराने केलेली चोरी), ३१६(४) (नोकराने केलेला विश्वासघात) किंवा ३१८(४) (फसवणूक) लागते. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल, तर भारतीय दंड संहितेची ३८१, ४०८ आणि ४२० ही जुनी कलमे लागतात. अशा आरोपीला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा असतो. तरीही अनेक अर्ज परत येतात किंवा निरुपयोगी होण्याइतके रखडतात आणि त्याचे कारण बहुतेक वेळा पात्रतेचा अभाव हे नसून कागद हे असते.

महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपेक्षा कमी असलेली व्यक्ती पात्र ठरते. महिना २५ हजार पगार असलेल्याचे उत्पन्न बरोबर ३ लाख भरते, म्हणजे तो या निकषात बसत नाही. मात्र निलंबनामुळे किंवा बडतर्फीमुळे पगार थांबला असल्यास ते पत्र अर्जासोबत अवश्य जोडावे. ज्यांना उत्पन्नाची अटच नाही अशांची यादी अधिनियमाच्या कलम १२ मध्ये आहे आणि ती फारसे कोणी वाचत नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांचा तीत समावेश आहे. हिशेबात तफावत निघाल्यामुळे आरोपी झालेली एक कॅशियर रेशनकार्ड, पगाराच्या पावत्या आणि नवऱ्याचा आयकर परतावा छातीशी धरून रांगेत उभी होती. महिला म्हणून अर्ज करताना यांपैकी एकाही कागदाची गरज नव्हती, ओळखीचा पुरावा आणि प्रकरणाची कागदपत्रे पुरेशी होती, पण हे तिला रांगेत कोणीही सांगितले नाही.

सर्वाधिक वेळ जातो तो तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्यात. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, गावाकडे रेशनकार्ड असलेल्या माणसाला तो चटकन मिळत नाही. सेतू केंद्रात त्याच्याकडे पत्त्याचा पुरावा मागतात आणि घरमालक भाडेकरार देत नाही. वास्तविक कलम १३(२) नुसार, अविश्वास ठेवण्याचे कारण नसेल तर अर्जदाराने उत्पन्नाबाबत केलेले प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येते. प्राधिकरणाच्या खिडकीवर ‘दाखला आणा’ असे उत्तर मिळाल्यास वाद न घालता प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज दाखल करावा, पोच घ्यावी आणि नाकारायचे असल्यास लेखी कारणे द्यावीत अशी विनंती करावी. कायद्याने जे सोपे केले आहे ते टेबलापाशी येऊन अवघड व्हावे, याला काय म्हणावे? अर्ज नामंजूर झाल्यास जिल्हा प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे, म्हणजे जिल्ह्याच्या प्रमुख न्यायाधीशांकडे, दाद मागता येते. अर्जासोबत एफआयआरची प्रत, पोलिसांची नोटीस आणि ओळखपत्र जोडावे. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेली माहितीही तेथे उतरवून घेतली जाते, आणि १५१०० ही हेल्पलाइन आहेच.

दुसरी फसगत हद्दीची. खारघर, कामोठे, कळंबोली आणि पनवेल येथील पोलीस ठाणी नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात मोडतात, पण हा भाग रायगड जिल्ह्यात आहे. त्यामुळे तेथील गुन्ह्यासाठी ठाणे जिल्हा प्राधिकरणाकडे केलेला अर्ज व्यर्थ जातो. पनवेलच्या न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे किंवा अलिबागच्या जिल्हा प्राधिकरणाकडे जावे लागते. वाशी, नेरूळ, तुर्भे, रबाळे येथील गुन्ह्यांसाठी मात्र ठाणे जिल्हाच.

मुदतींबाबत विशेष सावध राहावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ३५(३) ची, म्हणजे अटक न करता पोलिसांसमोर हजर राहण्याची, नोटीस आल्यावर ‘आधी वकील मिळू दे’ म्हणून घरी बसू नये. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणे नोंदवावी लागतात. गैरहजर राहिल्यास हे संरक्षण आपणच घालवतो. अटक झाली असल्यास दोषारोपपत्रासाठीचे दिवस एफआयआरच्या तारखेपासून मोजू नयेत, ते पहिल्या रिमांडच्या, म्हणजे दंडाधिकाऱ्यांनी कोठडी दिल्याच्या, दिवसापासून, तो दिवस धरून मोजायचे असतात. वर दिलेल्या कलमांत ही मुदत ६० दिवसांची आहे. बँकर, दलाल किंवा एजंट म्हणून ३१६(५) लागले असल्यास ती ९० दिवसांची होते. या मुदतीत दोषारोपपत्र आले नाही तर जामिनाचा हक्क मिळतो, पण मुदत संपताच, दोषारोपपत्र दाखल होण्यापूर्वी, जामिनाचा अर्ज पडला पाहिजे. नंतर तो हक्क उरत नाही.

तळोजा किंवा ठाणे कारागृहातील आरोपीच्या वकालतनाम्यावर (वकिलाला अधिकार देणाऱ्या कागदावर) कारागृह अधिकाऱ्यासमोर सही होऊन त्यांची साक्षांकित नोंद लागते. नातेवाइकांनी घरूनच सही करून आणलेला कागद परत येतो. रिमांडच्या वेळी दंडाधिकाऱ्यांसमोर ‘वकील नाही’ एवढे सांगितले तरी मोफत वकिलाची व्यवस्था सुरू होते.

कंपनीच्या खातेनिहाय चौकशीत हा वकील मिळत नाही, कारण ती न्यायालयीन कार्यवाही नव्हे. तेथे सहकाऱ्याला किंवा युनियनच्या प्रतिनिधीला सोबत घेण्याची लेखी मागणी करावी. चौकशीआधी केबिनमध्ये बसवून ‘एवढे लिहून दे, प्रकरण मिटवू’ असे सांगितले जाते, त्या कागदावर सही करू नये. पैसे भरल्याने गुन्हा आपोआप मिटत नाही. कलम ३०६, ३१६(४) आणि ३१८(४) मध्ये तडजोड न्यायालयाच्या परवानगीनेच होते. आणि नेमून दिलेल्या वकिलाने झेरॉक्स, टंकलेखन किंवा ‘वरचा खर्च’ अशा कोणत्याही नावाने आरोपीकडे फी मागितल्यास, प्रकरण हातचे जाईल या भीतीने ती देऊ नये. प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार केल्यास दुसरा वकील नेमता येतो.