डॉनचं लिव्हर आणि रांगेतली माणसं

जुलै २००१. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए मेडिकल सेंटरमध्ये ५८ वर्षांच्या एका जपानी पेशंटचं खराब झालेलं लिव्हर काढून तिथे दुसऱ्या कुणाचं तरी लिव्हर बसवलं गेलं. सर्जन होते डॉ. रोनाल्ड बुसुटिल, लिव्हर ट्रान्सप्लांटमधलं जगभरातलं मोठं नाव. आणि पेशंट होता तादामासा गोतो.

हे नाव जपानमध्ये पोलीस आणि पत्रकार यांना चांगलंच माहीत होतं. जन्म १९४२ चा, फुजी पर्वताच्या पायथ्याशी फुजिनोमिया नावाचं शहर आहे तिथे १९६९ मध्ये त्याने स्वतःची टोळी उभी केली, गोतो-गुमी. गुमी म्हणजे टोळी. पुढे ती यामागुची-गुमी या जपानमधल्या सगळ्यात मोठ्या संघटनेत गेली, जी १९१५ मध्ये कोबे बंदरात सुरू झाली आणि २००० च्या आसपास तिची माणसं, छोट्यामोठ्या शाखा धरून, ४० हजारांच्या घरात होती. गोतो टोकियोत जमीनजुमला, कंपन्या, शेअर्स यात घुसला, आणि त्याच्या टोळीची दहशत कशी होती ते १९९२ मध्ये सगळ्या जपानने बघितलं. याकुझाच्या, म्हणजे जपानमधल्या संघटित गुन्हेगारी टोळ्यांच्या, खंडणीखोरीवर सिनेमा काढला म्हणून दिग्दर्शक जुझो इतामी यांना त्यांच्या घराजवळ पाच जणांनी गाठलं आणि त्यांचा चेहरा चिरला, पाचही जण गोतो-गुमीचे होते.

एवढ्या ताकदवान माणसाला लिव्हरसाठी पॅसिफिक ओलांडून जावं लागलं. का जावं लागलं हे नीट समजून घ्यायचं तर गुन्हेगारीपेक्षा जीवशास्त्र आधी समजून घ्यावं लागतं, म्हणून जरा त्याच्यावर बोलू.

लिव्हरचं वजन साधारण दीड किलो, आणि दर मिनिटाला त्यातून जवळपास दीड लिटर रक्त वाहतं. यातलं तीन चतुर्थांश रक्त हृदयाकडून थेट येत नाही, ते आतड्याकडून पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून येतं, म्हणजे आपण जे खाल्लं प्यायलं, गोळ्या घेतल्या, दारू घेतली ते सगळं आधी लिव्हरच्या हातून जातं मग बाकी शरीराला मिळतं. रक्त गोठवणारी प्रथिनं तिथे बनतात, साखर तिथे साठते, अमोनियाचं युरिया तिथे होतं. आणि या अवयवाची कमाल म्हणजे तो परत वाढतो. उंदराचं दोन तृतीयांश लिव्हर कापलं तरी आठ-दहा दिवसांत जवळपास पहिल्याएवढं होतं, हा प्रयोग १९३१ चा आहे, आणि माणसातही हे घडतं, फक्त आठवडे-महिने लागतात.

मग असा अवयव निकामी होतोच कसा? मार एकदाच बसला तर लिव्हर सावरतं. पण व्हायरसने किंवा दारूने वीस-तीस वर्षं रोज थोडा थोडा मार दिला की तिथल्या स्टेलेट पेशी, ज्या एरवी शांतपणे व्हिटॅमिन ए साठवत बसलेल्या असतात, त्या बदलतात आणि कोलॅजेन सोडायला लागतात. जखमेचा व्रण राहतो ना, तसेच व्रण लिव्हरच्या आत सगळीकडे. मऊ स्पंजसारखा अवयव कडक, गाठीगाठींचा होतो, त्यालाच सिरॉसिस म्हणतात. आता पोर्टल व्हेनमधल्या रक्ताला पुढे जायला वाट नाही, दाब मागे वाढतो, पोटात पाणी होतं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि फुटल्या तर रक्ताच्या उलट्या होतात, आणि अमोनिया मेंदूपर्यंत पोचला की माणूस घरच्यांनाही ओळखत नाही. हे ज्यांनी आपल्या घरात बघितलंय त्यांना यातली प्रत्येक पायरी माहीत असते. या टप्प्यावर उपाय एकच उरतो, दुसरं लिव्हर.

जपानमध्ये तेव्हा या आजाराचा मुख्य गुन्हेगार होता हेपटायटिस सी चा व्हायरस, आणि तो तिथे कसा पसरला याची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मेथाम्फेटामाइन हे झोप आणि थकवा घालवणारं, व्यसन लावणारं रसायन जपानमध्येच पहिल्यांदा तयार झालं, नागाई नागायोशी या केमिस्टने १८९३ मध्ये. १९४१ पासून ते फिलोपॉन नावाने बाजारात आलं, युद्धात सैनिकांना आणि कारखान्यातल्या कामगारांना दिलं गेलं, आणि युद्ध संपल्यावर त्याचे साठे बाहेर आले. लोक ते इंजेक्शनने घ्यायला लागले, एकाच सुईने अनेकजण. १९५१ मध्ये कायदा करून बंदी आणली, त्यानंतर हा धंदा याकुझाच्या हातात गेला. त्याच काळात पैशासाठी रक्त विकणारे गरीब लोक रांगा लावत होते, पुन्हा पुन्हा विकत होते, आणि त्यांचंच रक्त हॉस्पिटलात जात होतं. मार्च १९६४ मध्ये टोकियोत अमेरिकेचे राजदूत एडविन रायशॉअर यांना एका तरुणाने चाकू मारला, जीव वाचवायला रक्त चढवलं आणि त्या रक्तातूनच त्यांना कावीळ झाली. देशाला इतकी लाज वाटली की त्याच वर्षी सरकारने विकतच्या रक्ताऐवजी ऐच्छिक रक्तदानाचं धोरण ठरवलं. तो व्हायरस नेमका कोणता हे मात्र १९८९ पर्यंत कुणाला सापडलं नव्हतं, तोपर्यंत डॉक्टर त्याला 'ए पण नाही, बी पण नाही' एवढंच म्हणायचे. रायशॉअर १९९० मध्ये गेले, त्याच आजाराच्या गुंतागुंतीने.

आणि गोंदण. याकुझाची पाठभर, हातभर चित्रं सगळ्यांनी फोटोत बघितली असतात. पारंपरिक पद्धत तेबोरी, म्हणजे काठीच्या टोकाला सुयांचा जुडगा बांधून हाताने टोचायचं, पूर्ण पाठ व्हायला महिने-वर्षं लागतात. शाई त्वचेच्या वरच्या थरात राहिली तर काही आठवड्यांत झडून जाईल, म्हणून ती खालच्या डर्मिसमध्ये सोडतात, तिथे मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी शाईचे कण बाहेरचा शत्रू समजून गिळतात पण पचवू शकत नाहीत. २०१८ मध्ये फ्रान्समध्ये मार्सेयच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की ती पेशी मेली की शाई मोकळी होते आणि शेजारची नवी पेशी तीच शाई परत गिळते, म्हणून चित्र जन्मभर टिकतं. सुया किंवा शाईचा वाडगा दोघांत वापरला की रक्तातले व्हायरसही एकाचे दुसऱ्याला. दिसत नाही एवढं रक्त सुईवर असलं तरी पुरतं. आपल्याकडे जत्रेत एकाच मशीनने दिवसभर हातावर नावं गोंदवतात तिथेही भीती हीच आहे, हे प्लीज पोरांना सांगा. याकुझाच्या आयुष्यात तर गोंदण, सुईचं व्यसन आणि रोजची दारू हे तिन्ही एकत्र यायचं.

आता प्रश्न, लिव्हर जपानमध्येच का नाही मिळालं. १९६८ मध्ये साप्पोरोला डॉ. वादा यांनी देशातलं पहिलं हार्ट ट्रान्सप्लांट केलं, पेशंट ८३ दिवस जगला आणि नंतर संशय आला की डोनर खरंच ब्रेनडेड, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेला, होता का. चौकशी झाली, खटला उभा राहिला नाही, पण लोकांचा विश्वास जो उडाला तो तीस वर्षं परत आला नाही. कायदा झाला तो १९९७ मध्ये, आणि तोही इतका कडक की मरणाऱ्याने स्वतः आधी लेखी संमती दिलेली हवी आणि वर घरच्यांचीही हवी. २०१० पर्यंत पूर्ण जपानमध्ये या कायद्याखाली ब्रेनडेड डोनर शंभरसुद्धा झाले नाहीत, १२ कोटी लोकसंख्येच्या देशात! त्यामुळे तिथल्या डॉक्टरांनी दुसरी वाट काढली, जिवंत नातेवाईकाच्या लिव्हरचा तुकडा घ्यायचा, दोन्हीकडे तो वाढतो, आणि या शस्त्रक्रियेत जपानी सर्जन जगात पुढे गेले. पण डोनर नातेवाईकच लागतो. टोळीत म्होरक्याला ओयाबुन म्हणतात, म्हणजे बापाच्या जागी असलेला, आणि चेले कोबुन, म्हणजे मुलाच्या जागी, साकेचा प्याला वाटून घेऊन हे नातं जोडतात. हॉस्पिटलला ते नातं चालत नाही. (२०११ मध्ये टोकियोतल्या एका डॉक्टरलाच अटक झाली होती, किडनीसाठी याकुझामार्फत डोनर शोधून खोटं दत्तकविधान केलं म्हणून.)

अमेरिकेत परदेशी माणसालाही अवयवासाठीच्या वेटिंग लिस्टवर घेता येत होतं, कायद्यात बंदी नव्हती, एखाद्या सेंटरमध्ये परदेशी पेशंट ५ टक्क्यांच्या वर गेले तर चौकशी व्हायची एवढंच. गोतोची अडचण व्हिसाची होती, गुन्हेगारी रेकॉर्डमुळे प्रवेशच नव्हता. तिथे एफबीआयशी सौदा झाला, यामागुची-गुमीच्या अमेरिकेतल्या कंपन्या, पैसे आणि माणसं याबद्दल माहिती द्यायची आणि बदल्यात व्हिसा. एफबीआयमधून रिटायर झालेल्या अधिकाऱ्यानेच नंतर सांगितलं की कबूल केलं त्यातलं थोडंच हाती लागलं. गोतो लिव्हर घेऊन परत गेला.

हे सगळं बाहेर आलं मे २००८ मध्ये, लॉस एंजेलिस टाइम्सच्या बातमीत. २००० ते २००४ मध्ये याच सेंटरमध्ये याकुझाशी संबंध असलेल्या चार जणांना लिव्हर मिळालं होतं, आणि त्या प्रत्येक वर्षी त्याच भागात शंभराहून जास्त माणसं लिव्हरची वाट बघता बघता मेली होती. गोतोने नंतर हॉस्पिटलला १ लाख डॉलर देणगी दिली, तिथे त्याच्या नावाची पाटीही लागली. सेंटरला तेव्हा त्यांची ओळख माहीत होती असा पुरावा पुढे आला नाही, आणि हॉस्पिटलचं म्हणणं होतं की आम्ही पेशंटच्या चारित्र्याचा न्याय करत नाही, वैद्यकीय गरज बघतो.

या शेवटच्या मुद्द्यावर मी पूर्णपणे डॉक्टरांच्या बाजूने आहे. उद्या चांगला माणूस-वाईट माणूस बघून अवयव वाटायला लागलो तर ते ठरवणार कोण आणि थांबणार कुठे. मला त्रास होतो तो रांगेचा विचार करून. अवयव बाजारात मिळत नाही, एका घरात कुणीतरी गेलंय आणि त्या दुःखातही घरच्यांनी होकार दिलाय म्हणून तो मिळतो, आणि बर्फात ठेवलं तरी लिव्हर बारा-एक तासच टिकतं. एकाला मिळालं की दुसऱ्याला त्या दिवशी नाही मिळत. व्हिसाच्या बदल्यात माहिती हा सौदा सरकारने केला, पण किंमत मोजायची वेळ आली ती लिस्टवरच्या त्या माणसावर ज्याला कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हाची रांग लावायची पद्धतही कच्ची होती. पोटात पाणी किती, पेशंट किती गोंधळलेला वाटतो अशा गोष्टींवर गट पाडायचे, त्या डॉक्टरच्या अंदाजावर असायच्या, आणि एकाच गटात जो जास्त दिवस लिस्टवर तो पुढे. गोतोच्या ऑपरेशननंतर सातच महिन्यांनी, फेब्रुवारी २००२ मध्ये, अमेरिकेने मेल्ड स्कोअर आणला. सुरुवातीला त्यात रक्ताच्या फक्त तीन तपासण्या होत्या: बिलिरुबिन, म्हणजे लिव्हर कचरा किती बाहेर टाकतंय, आयएनआर, म्हणजे रक्त गोठवणारी प्रथिनं बनतायत का, आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी साथ देतेय का. यातून ६ ते ४० असा आकडा येतो, पुढच्या तीन महिन्यांत मरणाचा धोका किती हे तो सांगतो, आणि जास्त आकडावाला पुढे. लिस्टवर किती दिवस आहे याला फारसं महत्त्व राहिलं नाही. लिस्टवर नाव कुणाचं घ्यायचं हे मात्र कुठलाच स्कोअर सांगत नाही, ते माणसांनीच ठरवायचं असतं.

ट्रान्सप्लांटनंतर शरीराने नवीन लिव्हर नाकारू नये म्हणून जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्यातलं मुख्य औषध टॅक्रोलिमस हे १९८४ मध्ये जपानच्याच त्सुकुबा पर्वताजवळच्या मातीतल्या एका जिवाणूपासून सापडलं. पिट्सबर्गच्या थॉमस स्टार्झल यांनी १९८९ मध्ये ते पेशंटवर वापरलं आणि लिव्हर ट्रान्सप्लांटचं चित्रच बदललं. औषध जपानच्या मातीचं, जिवंत डोनरच्या शस्त्रक्रियेचं कौशल्य जपानी सर्जनच्या हातात, कमी होते ते फक्त मरणानंतर होकार देणारे लोक.

बातमी आली त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये यामागुची-गुमीने गोतोला हाकललं. एप्रिल २००९ मध्ये, जपानमधल्या बुद्धजयंतीच्या दिवशी, त्याने बौद्ध भिक्षूची दीक्षा घेतली, पुढच्या वर्षी आत्मचरित्र छापलं, आणि डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने त्याच्यावर निर्बंध लावले, ऑपरेशनला तेव्हा १४ वर्षं झाली होती. मध्ये जुलै २०१० पासून जपानचा बदललेला कायदा लागू झाला, मरणाऱ्याने काही लिहून ठेवलं नसेल तर घरच्यांच्या होकारावरही अवयव घेता येऊ लागले, आणि आधी वर्षाला दहा-बारा असलेले ब्रेनडेड डोनर २०११ मध्येच चाळीसच्या वर गेले.