फोन सर्व्हेतलं भारांकन

घरोघरच्या फोन सर्व्हेत जे लोक फोन उचलत नाहीत, किंवा उचलून "नंतर करा" म्हणून ठेवून देतात, त्यांची उणीव भरून काढायला बोललेल्यांच्या उत्तरांना कमीजास्त वजन द्यायची पद्धत. (भार म्हटलं की मराठवाड्यात आधी भारनियमनच आठवतं, पण हा भार वेगळा.) समजा जनगणनेत बाया 48 टक्के आणि सर्व्हेत बोलल्या 24च टक्के, कारण फोन नवऱ्याच्या खिशात, तर प्रत्येक बाईला पुरुषांपेक्षा जास्त भार. वय, शिक्षण, तालुका असे निकष एकदम जुळवायचे असले की आळीपाळीनं जुळवत जायचं, दुसरा जुळवला की पहिला बिघडतो, मग परत पहिला, असं आकडे हलायचे थांबेपर्यंत.

ही आळीपाळीची रीत बहुतेक पुस्तकं डेमिंग आणि स्टीफन या संख्याशास्त्रज्ञांच्या नावावर टाकतात, 1940, अमेरिकेच्या जनगणनेच्या कामातून. पण टेलिफोनचे इंजिनियर क्रौटहॉफ यांनी 1937 मध्येच एका डच लेखात टेलिफोनच्या वाहतुकीचा हिशेब काढायला साधारण हीच युक्ती वापरली होती, म्हणजे फोनची रीत फिरून फोनवरच आली. पहिला मान त्यांना द्यायला हरकत नसावी, सर्व्हेत मात्र ती डेमिंग-स्टीफनमुळेच रुळली. तिच्यातून लघुतम वर्गाचं उत्तर (म्हणजे फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवणारं) निघतं असा त्या दोघांचा समज होता, तो स्टीफन यांनीच 1942 मध्ये दुरुस्त केला.

न सापडलेल्यांची उणीव भरायची दुसरी वाट पॉलिट्झ आणि सिमन्स या दोघांची (1949), मूळ सूचना संख्याशास्त्रज्ञ हार्टली यांची, 1946 च्या एका चर्चेतली. मागच्या पाच संध्याकाळी या वेळेला घरी होतात का, एवढंच विचारायचं. एकदाही नसलेल्याला भार 6 (आजची धरून सहापैकी एकच संध्याकाळ घरी), पाचही दिवस असलेल्याला 1. जो कधीच सापडत नाही त्याला मात्र हे लागू पडत नाही, सहानं गुणायला आधी माणूस तर पाहिजे.

लँडलाइन घराची होती, 02382 म्हटलं की लातूर. मोबाईल माणसाचा, नंबरवरून तालुका कळत नाही. दसऱ्यानंतर बीडकडचे ऊसतोडीचे कोयते, म्हणजे नवराबायकोच्या जोड्या, उचल (आगाऊ पैसे) घेऊन मुकादमामागं साखर कारखान्यांकडं निघतात, पार गुढीपाडव्यापर्यंत, कधी त्याहून पुढं. जुळवायला आधार 2011 च्या जनगणनेचा. नोव्हेंबरात बीडच्या घरचा म्हणून लावलेला फोन उसाच्या फडातल्या कोपीवर, म्हणजे खोपटात, उचलला जातो, आणि ते घर बीडात मोजायचं का कारखान्याच्या तालुक्यात, हे भार लावायच्या आधीच ठरवावं लागतं.