बाळाचा उच्छ्वास आईच्या नाकातून

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये इजिप्तची तलवारबाज नदा हाफेज सेबर प्रकारात पहिली लढत जिंकली, दुसरी हरली आणि मग तिनं जाहीर केलं की आपण सात महिन्यांच्या गर्भवती आहोत. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ही बातमी आली तेव्हा मावशीनं विचारलं, "अगं, पण बाळाला श्वास पुरला असेल का?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वहिनीला तेव्हा तिसरा महिना होता. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पोट दिसतही नव्हतं, पण जिन्याच्या दुसऱ्या वळणावर ती कठडा धरून थांबायची. घरच्यांचं निदान लगेच ठरलं: अशक्तपणा आहे, जिना बंद, चालणं बंद, पडून राहा.

आता गंमत बघा. तिसऱ्या महिन्यात गर्भाशय जेमतेम ओटीपोटाच्या हाडांवरून डोकावायला लागलेलं असतं. फुप्फुसांवर त्याचा दाब पडायला अजून बराच अवकाश असतो. मग दम कशाचा?

श्वास कोंडून धरला की काही सेकंदांत जीव कासावीस होतो, तो प्रामुख्यानं ऑक्सिजन संपल्यामुळे नाही, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. मेंदूतलं श्वसनकेंद्र मुख्यतः त्याच्यावरच नजर ठेवून असतं. एरवी धमनीतल्या रक्तात या वायूचा दाब पाऱ्याच्या 40 मिलिमीटरच्या आसपास असतो. दिवस गेले की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं आणि श्वसनकेंद्राला हळवं करून टाकतं. आता तेवढा वायूही त्याला जास्त वाटू लागतो. श्वासांची संख्या फारशी वाढत नाही, पण प्रत्येक श्वास खोल होतो, मिनिटाला 30 ते 50 टक्के जास्त हवा आतबाहेर होते आणि तो दाब 30 वर येतो. बाईला वाटतं, दम लागला. खरं तर ती गरजेपेक्षा जास्तच श्वास घेत असते.

हा जादा श्वास बाळासाठी असतो. त्याची फुप्फुसं द्रवानं भरलेली, त्याचा कार्बन डायऑक्साइड जाणार कुठे? वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो. आईनं आपल्या रक्तातला दाब उतरवून ठेवला की वारेतून (प्लॅसेंटातून) बाळाचा वायू आपोआप तिच्याकडे उतरतो. बाळाचा उच्छ्वास आईच्या नाकातून होतो, म्हणा ना!

पुढचं मला फार आवडतं, जरा किचकट आहे. तो वायू आईच्या रक्तात शिरला की तिथलं रक्त किंचित आम्लधर्मी होतं आणि तिचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडून देतं. त्याच क्षणी बाळाचं रक्त किंचित अल्कधर्मी होतं आणि त्याचं हिमोग्लोबिन तो ऑक्सिजन उचलतं. एकाच देवघेवीत दोन्हीकडून फायदा, म्हणून याला (बोर नावाच्या शास्त्रज्ञावरून) 'दुहेरी बोर परिणाम' म्हणतात. शिवाय बाळाचं हिमोग्लोबिन वेगळ्या घडणीचं असतं. मोठ्यांच्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला लावणारं बीपीजी नावाचं संयुग त्याला नीट चिकटतच नाही. त्यामुळे नाळेतून बाळाकडे जाणाऱ्या रक्तात ऑक्सिजनचा दाब जेमतेम 30 असूनही बाळाचं मजेत चालतं. केंब्रिजचे शास्त्रज्ञ जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी या अवस्थेला गर्भाशयातल्या एव्हरेस्टची उपमा दिली होती. रोज एव्हरेस्टवर राहणारा तो जीव आईच्या अर्ध्या तासाच्या चालण्यानं घाबरत नाही.

व्यायाम करताना गर्भाशयाकडचं रक्त थोडं कमी होतं, हे खरं. पण मध्यम व्यायामात ही तूट बाळ सहज भरून काढतं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 1985 मध्ये नाडी 140 च्या वर जाऊ देऊ नका असं सांगितलं होतं. 1994 मध्ये तो आकडा मागे घेतला गेला. गरोदरपणी नाडी मुळातच वाढलेली असते, त्यामुळे आकड्यापेक्षा साधी कसोटी बरी: चालताना बोलता आलं पाहिजे. आठवड्याला एकूण 150 मिनिटं असा मध्यम व्यायाम जागतिक आरोग्य संघटनाही सुचवते, अर्थात डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर. रक्तदाब चढलेला, वार खाली सरकलेली, रक्तस्राव किंवा तीव्र अ‍ॅनिमिया असेल तर हा लेख बाजूला ठेवा. आपल्याकडे अ‍ॅनिमिया विसरून चालणार नाही, पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 52 टक्के गर्भवतींना तो आढळला होता. चालताना चक्कर आली, छातीत किंवा पोटरीत दुखलं, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं तर तिथेच थांबून डॉक्टरांना गाठायचं. वैशाखातल्या दुपारी चालायला जाऊ नये, हे सांगायला विज्ञान लागत नाही.

आणि ग्रहण! ग्रहणात गर्भवतीनं हलायचं नाही, सरळ उताणं पडून राहायचं, असं अजून सांगितलं जातं. शेवटच्या महिन्यांत उताणं पडलं की गर्भाशयाचा भार हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर येतो, रक्तदाब पडतो, गरगरतं. चंद्राची सावली पोटातल्या बाळाला शिवत नाही, हा दाब मात्र त्याच्यापर्यंत पोचतो. फरशी पुसली की नॉर्मल डिलिव्हरीची गॅरंटी देणारे रील्सवाले याच माळेचे मणी. आणि हो, हा सगळा उपदेश बैठ्या कामाच्या बायकांसाठी. आठव्या महिन्यात डोक्यावर उसाची मोळी वाहणाऱ्या बाईला व्यायाम नको, सुट्टी हवी.

वहिनीनं जिना सोडला नाही, वळणावर थांबत राहिली. संध्याकाळी सोसायटीत फेऱ्या मारायची आणि मावशीचा रोजचा फोन तेव्हाच घ्यायची. वाक्य मध्येच तुटायला लागलं की बाकावर बसायची.