गप्प वाचकही वाचकच

‘कुणी काही बोललं नाही, म्हणजे कुणी वाचलंच नाही’ हा समज लिहिणाऱ्यांत वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. लोक वेबसाइट कशा वापरतात याचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी २००६ मध्ये इंटरनेटवरच्या समूहांचं ढोबळ प्रमाण मांडलं: १०० पैकी ९० जण नुसते वाचतात, ९ अधूनमधून लिहितात, एखादाच सतत लिहितो. आकडे जागोजागी बदलतात, कल मात्र तोच. मग शांततेचा अर्थ नापसंती कसा लावायचा?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्या तोलता तोलता एक बाई म्हणाली, “बाय, तुमच्या आजीच्या चुलीचं लिहिलंत ना, ते मी आईला वाचून दाखवलं. दोनदा.” तिनं मला आजवर एक ओळही लिहिली नव्हती.