‘चाल : माहीत आहेच’

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप गटावर परवा एक ध्वनिफीत आली. नगाऱ्यांचे ठोके, शे-दीडशे माणसांचा एकदम उसळणारा आवाज आणि खाली मजकूर : ‘८०० वर्षांपूर्वीचा गुप्त लॅटिन मंत्र, ४३२ हर्ट्झवर. डोळे मिटून ऐका, नकारात्मक ऊर्जा निघून जाते.’ खाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती.

शब्द जुने आहेत, हे खरं. पण तो मंत्र वगैरे काही नाही. ‘ओ फोर्तुना’ ही चंद्रासारख्या वाढत्या-घटत्या नशिबाला बोल लावणारी कविता आहे. चाल तर कार्ल ऑर्फ या जर्मन संगीतकाराने १९३५-३६ मध्ये नव्याने बांधली, आणि तिचा पहिला प्रयोग १९३७ च्या जूनमध्ये फ्रँकफुर्टला झाला. तोवर आपल्याकडे बोलपट येऊन सहा वर्षं उलटली होती. उरले ४३२ हर्ट्झ. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं. तेराव्या शतकात ती मोजायची सोय कुणाकडेच नव्हती. साधा स्वरकाटासुद्धा १७११ सालचा.

मग या कवितेची आणि तिच्यासोबत सापडलेल्या गाण्यांची मूळ चाल कुठे गेली? माझ्या मते खरी गंमत इथून सुरू होते.

ही गाणी ज्या हस्तलिखितात सापडली, ते साधारण १२३० च्या सुमाराचं, चर्मपत्रावरचं. १८०३ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियातले मठ सरकारजमा होत असताना बेनेडिक्टबॉयर्नच्या मठात ते हाती लागलं. आज ते म्युनिकच्या राज्य ग्रंथालयात आहे. १८४७ मध्ये श्मेलर या अभ्यासकाने ते छापलं आणि ‘कार्मिना बुराना’, म्हणजे ‘बॉयर्नची गाणी’, असं नाव दिलं. आत अडीचशेच्या वर रचना आहेत : प्रेमाच्या, दारूच्या, जुगाराच्या, लाचखाऊ धर्माधिकाऱ्यांची टर उडवणाऱ्या. बहुतेक लॅटिन, काही तेव्हाच्या जर्मनमध्ये.

यातल्या काही गाण्यांच्या शब्दांवर बारीक खुणा आहेत. त्यांना न्यूम म्हणतात. भातखंड्यांची स्वरलिपी पाहिलेल्याला वाटेल, सोपं आहे, वाचा आणि गा. पण भातखंडे ‘ग’ लिहितात तेव्हा तो गंधारच असतो. खाली आडवी रेघ असली की कोमल. न्यूम स्वराचं नावच सांगत नाही. ‘पेस’ ही खूण मास्तर ‘बरोबर’ म्हणून करतात त्या टिकमार्कसारखी : एका अक्षरावर दोन स्वर, दुसरा पहिल्याहून वर. ‘क्लिविस’ छत्रीच्या मुठीसारखी : दोन स्वर, दुसरा खाली. ‘टोर्क्युलस’ म्हणजे खाली-वर-खाली. वर म्हणजे किती वर? सा वरून रे की सा वरून प? खूण गप्प.

लिहिणारे अडाणी नव्हते. आरेझोच्या ग्विदोने रेघांवर स्वर मांडायची पद्धत अकराव्या शतकातच रुळवली होती. पण चाल पाठ असलेल्या माणसाला आठवणीपुरती खूण पुरते. आपल्या जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं काढून बघा. पदाच्या डोक्यावर ‘चाल :’ असं लिहून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे दोन शब्द दिलेले असतात. ते दुसरं गाणं ज्याला येत होतं, त्याचं भागलं. आज तो माणूसही नाही आणि ते गाणंही नाही, अशा पदांचं काय करायचं, हाच प्रश्न म्युनिकमध्ये आठशे वर्षं जुना होऊन बसलाय.

आता थोडा हिशेब करू. आठ अक्षरांची ओळ घ्या, अक्षराला एक स्वर. स्वरांमधल्या पायऱ्या सात. प्रत्येक पायरीला चाल तिथेच राहील, किंवा एक ते चार स्वर वर जाईल, किंवा तितकीच खाली येईल : नऊ शक्यता. नऊचा सातवा घात म्हणजे सुमारे ४८ लाख चाली. खुणांमुळे प्रत्येक पायरीची दिशा कळली आणि चाल कुठेच थांबत नाही असं धरलं, तर पायरीला चार शक्यता उरतात. चारचा सातवा घात १६,३८४. न्यूमनी ४८ लाखांवरून सोळा हजारांवर आणलं. एका ओळीसाठी ही छाटणी मोठीच, पण तेवढ्यावरून गाता येत नाही.

इथे अभ्यासकांनी उलटी वाट धरली. तीच कविता दुसऱ्या एखाद्या हस्तलिखितात रेघांवरच्या स्वरांसकट सापडते का? ‘दिक ख्रिस्ती वेरितास’ सापडली. पॅरिसच्या नोत्रदाम या मोठ्या चर्चच्या परंपरेतली गाणी साठवलेलं एक थोरलं हस्तलिखित फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे, त्यात ती स्वरांसकट आहे. असे स्वर घेऊन बव्हेरियातल्या खुणांवर ठेवायचे. जिथे पेस आहे तिथे चाल चढते का, जिथे छत्रीची मूठ आहे तिथे उतरते का? सात पायऱ्यांत दिशा निव्वळ योगायोगाने जुळण्याची शक्यता १२८ त एक. वीस पायऱ्या जुळल्या तर साडेदहा लाखांत एक. (चाली काही नाणं उडवून रचत नाहीत, त्यामुळे हा आकडा फुगलेलाच आहे. तरी बोटांचे ठसे जुळवण्यासारखंच हे काम.)

जिथे तीच कविता मिळत नाही, तिथे त्याच घाटाचं दुसरं गाणं शोधतात. ‘आल्ते क्लामात एपिकूरुस’ हे खादाडांचं गाणं घ्या. पोट हाच माझा देव आणि स्वयंपाकघर हे त्याचं देऊळ, असं त्यात एपिक्युरस हा ग्रीक तत्त्वज्ञ ओरडून सांगतो. पोटोबा हाच विठोबा! त्याच्या शेवटी हस्तलिखित लिहिणाऱ्याने वाल्टर फॉन डेर फोगलवायडे या जर्मन कवीचं एक कडवं जोडलंय, तेही पवित्र भूमीच्या यात्रेचं. वाल्टरच्या त्या गाण्याची चाल म्युन्स्टरला १९१० मध्ये सापडलेल्या पानांवर रेघांसकट मिळाली. तेव्हापासून खादाडही यात्रेकरूच्या चालीवर गातात. लॅटिन कडवं सहा ओळींचं, वाल्टरचं सात. थोडी ओढाताण गायकाला करावीच लागते.

लयीचा तर पत्ताच नाही. कोणता स्वर किती लांबवायचा हे खुणा सांगत नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तीन-तीनच्या ठोक्यांवर सगळं बसवू पाहणारे आणि शब्दांच्या आघातांवर चालणारे यांच्यात जोरदार भांडण झालं. ते अजून मिटलेलं नाही. वाद्यांचंही तेच. १९६० च्या दशकात टॉमस बिंकली यांच्या ‘स्टुडिओ डेर फ्र्यूएन मुझिक’ या संचाने ही गाणी ध्वनिमुद्रित केली, तेव्हा त्यांनी उत्तर आफ्रिकेतल्या अंदलुसी, म्हणजे मूळ मुस्लिम स्पेनमधल्या, संगीताकडून वादनाची ढब उचलली. सत्तरच्या दशकात क्लेमेंचिच यांच्या संचाचं ऐकाल, तर तेच गाणं दुसऱ्याच गावचं वाटतं. म्हणून मुखपृष्ठावर ‘अस्सल मध्ययुगीन’ छापलेलं दिसलं की मी जरा सावध होतो. शब्द तेराव्या शतकातले, दिशा न्यूमची, अंतरं पॅरिसहून उसनी, लय गायकाची आणि वाद्यांची निवड आपल्या काळातली. मला ते आवडतं, हा भाग वेगळा.

ज्यांना असा जोडीदार मिळाला नाही, ती गाणी अजून खुणांपाशीच अडलीत. ग्रंथालयाने अख्खं हस्तलिखित संगणकावर फुकट बघायला ठेवलंय. खुणांचं पान मोठं करून पाहा, शब्दांच्या डोक्यावरून मुंग्यांची रांग गेल्यासारख्या रेघा दिसतील. छत्रीची मूठ दिसली की आवाज खाली उतरवा. किती, ते तुम्हीच ठरवा.